चेहऱ्याखालचे नाव

दाभोळचे छायाचित्र म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चौकट येते. माडांच्या झावळ्यांतून वर आलेला घुमट, कोपऱ्यांवरचे मिनार आणि मागे वाशिष्ठीच्या खाडीचे पाणी. धोपाव्याहून फेरीबोटीने येणारे पर्यटक कठड्याला टेकून हाच फोटो काढतात, आणि बोट धक्क्याला लागली की जवळ जाऊन पुन्हा तोच काढतात. गावात या मशिदीला कोणी शाही मशीद म्हणते, कोणी माँसाहेबांची, कोणी नुसतीच अंडा मशीद. विजापूरच्या राजघराण्यातली एक स्त्री मक्केच्या वाटेवर निघाली, पुढे समुद्रात धोका आहे म्हणून येथेच अडकली, आणि यात्रेसाठी आणलेला पैसा तिने या बांधकामावर खर्च केला, अशी कथा आहे. साल १६५९-६० सांगतात. कथा खरी असो वा नसो, इमारत देखणी आहे आणि तिचे फोटो निघावेत हे रास्तच आहे.

खटकते ते निराळेच. या फोटोंत माणूस नसतो. आवारात बसून जाळे दुरुस्त करणारा कोणी आला, डोक्यावर पाटी घेतलेली बाई आडवी गेली, तर फोटो काढणारा ती जाईपर्यंत थांबतो. किंवा उलट होते. इमारत सोडून तो त्या बाईचाच फोटो काढतो, आणि पुढे एखाद्या स्पर्धेत तो ‘कोकणी स्त्री’ किंवा ‘मासेवाली’ म्हणून लागतो. बाईचे नाव त्याने विचारलेले नसते. इमारतीचे मात्र नाव, गाव, शतक सगळे खाली लिहिलेले असते.

दाभोळला हा अनुभव दुसऱ्या प्रकारेही आला आहे. १९९० नंतरच्या दशकात हे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येत होते. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाची कंपनी ‘दाभोळ पॉवर कंपनी’, म्हणून बातमीखाली दाभोळ. प्रत्यक्षात प्रकल्प खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. आंदोलन तिथले, जमिनी गेल्या त्या तिथल्या. नाव एका काठाचे आणि छायाचित्रातली माणसे दुसऱ्या काठाची, असा तो प्रकार झाला. १९९९ साली प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, आणि दाभोळचे नाव बातम्यांतून जसे आले तसे गेले.

फोटोत कोणाचे नाव लिहायचे आणि कोणाचे नाही, ही रीत कुठून आली याचा माग काढत मी मागे मागे गेलो, तो मुंबईत येऊन थांबलो. कारण सार्वजनिक रीतीने, मंडळ करून, एकमेकांना छायाचित्रे दाखवण्याची आणि त्यांच्यावर मत देण्याची पद्धत आपल्याकडे तेथेच सुरू झाली.

३ ऑक्टोबर १८५४ रोजी ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. हिंदुस्थानातली ही अशी पहिली संस्था. लंडनची सोसायटी १८५३ची, म्हणजे मुंबई तिच्या फार मागे नव्हती. मद्रास आणि कलकत्त्याच्या संस्था त्यानंतर, १८५६च्या. आरंभी तेरा जण होते, कॅप्टन हॅरी बार हे त्यांच्यातले प्रमुख, आणि वर्षभरात सभासदसंख्या दोनशेच्या वर गेली. १८५५ पासून संस्थेचे स्वतःचे नियतकालिकही निघू लागले. आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावू लागून तेव्हा दीडच वर्ष झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या उत्साहाचा अंदाज येतो.

आज फोटो काढणे आणि दाखवणे यांत क्षणाचेही अंतर नाही, त्यामुळे तेव्हा मंडळाची गरज का पडली हे समजून घ्यावे लागते. त्या काळी दोन रीती चालत. एक मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हची. ती संथ होती, पण कागद आधी तयार करून प्रवासात नेता येई. दुसरी १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काढलेली ओल्या काचेची. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा, आणि सुकायच्या आत अंधारात धुऊन काढायची. सगळे काही मिनिटांत. घराबाहेर फोटो घ्यायचा तर काळोखाचा तंबू, बाटल्या, काचा, पाणी आणि हे वाहणारी माणसे बरोबर हवीत. मुंबईच्या उन्हाळ्यात थर पाहता पाहता सुके, पावसाळ्यात कागदाला बुरशी धरे. चांदीच्या क्षाराने बोटे काळी पडत ती कित्येक दिवस तशीच राहत. कोणाची कोणती युक्ती लागू पडली हे एकमेकांना सांगितल्याशिवाय या हवेत कोणालाच काही जमले नसते. सभेला छापे आणायचे, टेबलावर मांडायचे, कसे केले ते सांगायचे, दुसऱ्याच्या छाप्यातला दोष दाखवायचा. प्रदर्शन ही त्या टेबलाचीच मोठी आवृत्ती होती.

सभासदांत लष्करी अधिकारी आणि कंपनीचे नोकरदार पुष्कळ होते. पण पहिल्यापासून काही एतद्देशीय मंडळीही होती, आणि त्यांत मराठी वाचकाला ओळखीचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. (दाभोळच्या चाकरमान्यांना जवळच्या भाऊच्या धक्क्याचे भाऊ निराळे. ते लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. मुंबईतल्या दोन भाऊंची गल्लत नेहमी होते.) गोव्यातल्या मांद्रे गावाहून आलेले हे कुटुंब. भाऊ दाजींनी ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यक शिकून मुंबईत नाव मिळवले, शिलालेखांचा अभ्यास केला, आणि राणीच्या बागेतल्या ज्या संग्रहालयासाठी त्यांनी खटपट केली त्याला १९७५ साली त्यांचे नाव दिले गेले. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. फोटोग्राफीत खरे रमले ते हे धाकटे. संस्थेच्या कार्यकारी मंडळावर ते होते, आणि मुंबईतल्या लोकांची त्यांनी काढलेली छायाचित्रे प्रदर्शनांत मांडली गेली. डॉक्टरांना ही कला लवकर साधली याचे मला नवल वाटत नाही. रसायने त्यांच्या हाताखालची, तोलमापाची सवय अंगवळणी पडलेली, आणि दिवसभराच्या कामामुळे माणसाच्या चेहऱ्याकडे नीट बघण्याची दृष्टीही.

एका टेबलाभोवती साहेब आणि देशी माणूस बसले, हे चित्र सुखावणारे आहे. पण त्यावर फार भाळू नये. कलकत्त्याच्या सोसायटीत राजेंद्रलाल मित्र हे मोठे पंडित पदाधिकारी होते. १८५७च्या एप्रिलमध्ये टाउन हॉलच्या सभेत ते निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांविरुद्ध बोलले. झाले, सोसायटीतले गोरे सभासद खवळले आणि मित्रांना संस्थेतून काढण्यात आले. त्यांच्या भाषणाचा फोटोग्राफीशी काडीचा संबंध नव्हता. त्या टेबलाभोवतीची बरोबरी रसायनांपुरतीच होती.

मुंबई सरकारने १८५५च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही काढला. तेथे शिकलेल्यांपैकी हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे हाच व्यवसाय केला. त्यांचे काम सोसायटीच्या प्रदर्शनात लागले, रॅम्पार्ट रोवर त्यांचा स्टुडिओ कित्येक वर्षे चालला, आणि त्यांनी काढलेली छायाचित्रे १८६७च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत पोचली. हा गृहस्थ पुढे आर्य समाजात होता, थिऑसॉफिस्टांच्या संबंधात होता, भगवद्गीतेवर त्याने इंग्रजीत लिहिले. त्याच्यावर एक स्वतंत्र लेख लिहिण्यासारखा ऐवज आहे. येथे मुद्दा एवढाच की मराठी नावाचा धंदेवाईक छायाचित्रकार १८५७ पूर्वीच तयार झाला होता. त्याचे नाव टिकले, त्याच्या भावाबंदांची नावे टिकली. त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्यांची नावे मात्र फारच थोडी टिकली.

सरकारने हा खर्च काही नुसत्या हौसेखातर केला नाही. ईस्ट इंडिया कंपनीला प्राचीन इमारतींची नोंद हवी होती, आणि चित्रकाराला वर्षानुवर्षे पगार देण्यापेक्षा कॅमेरा स्वस्त आणि खात्रीचा. १८५५ साली मुंबई सरकारने तोफखान्यातले कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे या भागातल्या इमारतींची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. त्यांनी कागदी निगेटिव्हवर काम केले. पुढे ते काम डॉ. विल्यम पिगू आणि मग नील यांच्याकडे गेले. या सगळ्यांच्या छायाचित्रांतून १८६६ साली विजापूर, अहमदाबाद आणि धारवाड-म्हैसूर यांवरचे मोठे ग्रंथ निघाले, त्यांना पैसा प्रेमचंद रायचंद आणि करसनदास माधवदास या मुंबईच्या धनिकांनी दिला. कापसाच्या तेजीतला पैसा तो.

या ग्रंथांची पाने चाळताना दाभोळकर म्हणून मन जरा हुरहुरते. गोलघुमट त्यात आहे, इब्राहिम रोझा आहे. ज्या बंदरातून विजापूरचे घोडे, कापड आणि हाजी ये-जा करत ते बंदर विजापूरच्या पुस्तकात असण्याचे कारण नव्हते, हे कळते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात परतीच्या प्रवासाला दाभोळहूनच जहाजात चढला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगिजांच्या फ्रान्सिस्को द आल्मेदाने हे गाव जाळले. एवढी उलाढाल पाहिलेल्या बंदराकडे कॅमेरा पोचेतो तिथे पाहण्यासारखे म्हणून एक मशीद आणि काही पडके चिरे उरले होते. पण त्या ग्रंथांतही आपण शोधतो तीच गोष्ट घडलेली दिसते. कमानीखाली किंवा खांबाजवळ कधी एखादा माणूस उभा असतो. तो उभा केलेला असतो, इमारत किती उंच ते कळावे म्हणून. तो फुटपट्टीचे काम करतो. फुटपट्टीला कोणी नाव विचारत नाही.

मेजर रॉबर्ट गिल यांची हकिकत यापुढे वाचावी. १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत बसलेल्या या माणसाने १८५६ मध्ये कॅमेरा हातात घेतला. त्याच्या रंगवलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या. छायाचित्रे मात्र १८६४ सालीच पुस्तकरूपाने निघाली होती, म्हणून वाचली. त्याच्या आयुष्यात आलेल्या पारोची कबर अजिंठा गावात आहे, १८५६ सालचीच. ना. धों. महानोरांमुळे ती मराठी वाचकाला ठाऊक आहे. कॅमेऱ्याच्या त्याच वर्षी एका गावच्या बाईचे नाव दगडावर कोरले गेले, कारण कोणाला तरी ती माणूस म्हणून हवी होती.

आता मुख्य गोष्टीकडे. १८५६ ते १८५८ या काळात सोसायटीच्या आश्रयाखाली विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘इंडियन अॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ दर महिन्याला काढला. प्रत्येक अंकात तीन अस्सल छापे. इमारती, देखावे आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांचे ‘पेहराव आणि नमुने’. नमुने हा शब्द मी सौम्य करून लिहिलेला नाही, त्यांची दृष्टी तीच होती. पुढे जॉन्सनने याच साहित्यातून मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातिजमातींवर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. छायाचित्रे चिकटवलेले, जातीजातींवर पुस्तक म्हणून निघालेले हे फार आरंभीचे काम.

हे खंड पाहताना नजरेला काहीतरी खुपते आणि ते काय ते लगेच कळत नाही. माणसांवरचा उजेड एका बाजूने येतो, मागच्या देखाव्यावरचा दुसऱ्या. पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नाहीत. कारण ती माणसे त्या जागी कधी उभीच नव्हती. स्टुडिओत त्यांना बसवून, उभे करून फोटो घेतला, आकृत्या वेगळ्या केल्या आणि दुसरीकडे काढलेल्या देवळाच्या, रस्त्याच्या, वाड्याच्या छायाचित्रावर जोडल्या. तंत्र म्हणून ते कौतुकाचे आहे. ओल्या काचेवर लोकांना भर उन्हात रस्त्यात स्थिर उभे करणे अवघड, आणि जॉन्सनने त्यावर आपला मार्ग काढला. पण त्यातून झाले काय? माणूस त्याच्या घरातून, त्याच्या गल्लीतून उचलला आणि त्याला शोभेल असे ग्रंथकाराला वाटलेल्या जागी ठेवला. खाली लिहिले जातीचे नाव. त्या बाईचे, त्या म्हाताऱ्याचे, मांडीवरच्या पोराचे नाव कुठेच नाही. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने आठ खंडांत ‘द पीपल ऑफ इंडिया’ काढले तेव्हा हीच रीत देशभर गेली. मुंबईच्या हौशी मंडळाच्या टेबलावर जे सहज सुरू झाले ते राज्यकारभाराचे साधन झाले.

नारायण दाजींसारख्या मराठी माणसाच्या हाती कॅमेरा होता म्हणून नजर वेगळी झाली असे काही दिसत नाही. त्यांनीही मुंबईकरांचे प्रकारच टिपले. मी यासाठी त्यांना दोष देणार नाही. ज्या टेबलावर छापा मांडायचा, त्या टेबलाच्या आवडीनुसार तो काढला जातो. स्पर्धा असो वा प्रदर्शन, परीक्षकाला काय दिसणार हे स्पर्धक शटर दाबण्याआधीच ओळखून असतो. एकोणिसाव्या शतकातल्या त्या टेबलाला इमारत आणि जात या दोन गोष्टी कळत होत्या.

या मुंबईची ती सोसायटी १८६०च्या दशकात मंदावली. पुढे कोरड्या काचा आल्या, १८८८ साली कोडॅकचा छोटा कॅमेरा आला, कलकत्त्यात नव्याने अखिल भारतीय संस्था निघाली आणि तिच्या स्पर्धांतली पदके मिरवली जाऊ लागली. लाला दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ काढला. हा भाग पुष्कळदा लिहिला गेला आहे, म्हणून मी तो ओलांडून एका गोष्टीवर थांबतो, कारण ती आमच्या तालुक्याची आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि १९०१ साली मुंबईला परतले. त्यांच्या स्वागताचे चलच्चित्र हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी घेतले. सावे दादा म्हणून ओळखले जाणारे हे मूळचे पोर्ट्रेट काढणारे छायाचित्रकार. आपल्याकडच्या पहिल्या वार्तापटांत त्याची गणना होते. म्हणजे दापोली तालुक्यातला एक माणूस कॅमेऱ्यापुढे आला तो कोकणस्थांचा नमुना म्हणून नव्हे, रँग्लर परांजपे म्हणून आला. त्यासाठी केंब्रिजची परीक्षा पहिल्या क्रमांकाने पास व्हावे लागले, हेही खरे. त्यांना बघायला जमलेल्या गर्दीतल्या कोणाचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

विसाव्या शतकात मंडळांचे नवे युग सुरू झाले, ते तिसच्या दशकात. १९३७ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, ती आजही आहे. १९५३ साली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाली आणि गावोगावचे कॅमेरा क्लब तिला जोडले गेले. या मंडळींची मला मनापासून ओढ आहे. बँकेत, रेल्वेत, गिरणीच्या ऑफिसात नोकरी करणारा मध्यमवर्गीय माणूस रात्री घरचे सगळे निजल्यावर मोरीच्या खिडकीला काळे कापड लावी, लाल दिवा पेटवी, आणि तीन थाळ्यांत कागद हलवत बसे. डेव्हलपर, पाणी, हायपो. सकाळी बायकोला मोरी मोकळी हवी, तोवर छापे दोरीवर वाळत लागलेले. त्यातला एक निवडून बारा बाय पंधराच्या कागदावर मोठा करायचा, पुठ्ठ्यावर बसवायचा आणि ‘सलोन’ला पाठवायचा. सलोन म्हणजे स्पर्धा आणि प्रदर्शन दोन्ही. तीन परीक्षक गुण देत; ठरावीक गुणांवरचे छापे ‘स्वीकृत’ होऊन भिंतीवर लागत, एक-दोघांना पदक, बाकीचे परत. स्वीकृत छाप्याच्या पाठीवर त्या सलोनची रंगीत चिठ्ठी चिकटवली जाई. एखादा छापा कलकत्ता, मद्रास, लंडन, लिस्बन असा फिरून येई तेव्हा त्याची पाठ चिठ्ठ्यांनी भरून गेलेली असे. जाणकार आधी पाठ बघत, मग चित्र.

या सलोनांनी आपल्याला नजर दिली, यात शंका नाही. उजेड कसा पडतो, सावली किती ठेवायची, चौकटीतले काय काढून टाकायचे, हे मराठी हौशी माणूस इथेच शिकला. पण काढून टाकण्याच्या यादीत नाव होते. चित्र ‘सर्वांचे’ व्हायला हवे, म्हणून शीर्षक असे द्यायचे की त्यात ना गाव ना माणूस. सुरकुतलेला चेहरा असेल तर वार्धक्य, जाळे फेकणारा असेल तर श्रम, दुडीवर निघालेली बाई असेल तर परतीची वाट. कोकणचा किनारा या शीर्षकांना पुरून उरला. हर्णैच्या लिलावात, दाभोळच्या खाडीत, मुरुडच्या वाळूत अशी किती जाळी फेकली गेली असतील. जातीच्या नावाची जागा भावनेच्या नावाने घेतली, एवढा बदल झाला. तो लहान नाही, पण पुरेसा नाही.

अपवाद झाले. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे काम केले, संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर दिवस काढले. त्यांच्या प्रदर्शनांत माणूस अडगळ म्हणून किंवा शोभेसाठी येत नाही. पण ही स्पर्धेबाहेरची माणसे. स्पर्धांचे म्हणाल तर आज त्या मोबाइलवरच होतात, आणि त्यांतली सर्वांत व्यापक, २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून भारतात आलेली ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’, नावाप्रमाणेच वास्तूंची आहे. तिचा उपयोग मोठा आहे. कोणीही, कुठूनही, फुकट वापरता येतील अशी चित्रे तिने जमवली. तिथेही वास्तूला नोंद क्रमांक आहे, वास्तूसमोर बसलेल्याला नाही.

या सगळ्या काळात कोकणातल्या घरांत फोटोंचा दुसराच इतिहास घडत होता, आणि त्याची दखल कोणत्याही मंडळाने घेतली नाही. मुंबई-गोवा बोटी दाभोळला थांबत. बोट बाहेर उभी राही, उतारू पडावातून धक्क्यावर येत, आणि पुढे चिपळूणकडे जाणारे खाडीतून गोवळकोटला जात. या बोटींतून मनिऑर्डरीच्या पैशांइतक्याच नेमाने फोटो येत. गिरगावातल्या, भेंडीबाजारातल्या स्टुडिओत काढलेले. चाकरमानी नोकरीला लागला की एक, लग्न ठरले की एक, जहाजावर खलाशी म्हणून निघाला की एक. मागे रंगवलेला पडदा, बहुधा खांब, जिना आणि न पाहिलेली बाग. शेजारी तिवईवर फुलदाणी. अंगावर कधी स्टुडिओचाच कोट. नीट पाहिले तर जॉन्सनच्या पुस्तकातले जोडकामच हे, परक्या देखाव्यापुढे उभा केलेला माणूस. फरक एवढाच की येथे पडदा त्याने स्वतः निवडला होता आणि फोटोच्या पाठीवर त्याने स्वतःच्या हाताने नाव लिहिले होते. मोडीत, बाळबोधीत, उर्दूत. नाव, महिना, आणि पुष्कळदा ‘आईस’ किंवा ‘अम्मीस’ एवढाच मायना.

या फोटोंचे प्रदर्शन घरच्या ओटीवर कायमचे भरलेले असे. छताखाली भिंतीला किंचित पुढे झुकवून टांगलेल्या चौकटींची रांग. कोण कोणाच्या शेजारी लागेल याचेही नियम असत, आणि एखादी चौकट रांगेतून निघाली तर त्यामागे भांडण किंवा मयत असे. मुसलमान वाड्यांत काही घरी माणसांचे फोटो भिंतीवर लावत नसत; ते पेटीत, कपड्यांच्या घडीत असत आणि विचारल्यावर बाहेर येत. दाभोळ, ओणनवसे, पंचनदी या बाजूला फिरताना मी अशा पुष्कळ पेट्या उघडलेल्या पाहिल्या. दमट हवेने फोटोंची कड सुटलेली, वाळवीने अर्धा माणूस खाल्लेला, पण पाठीवरचे नाव वाचता येते. किंवा उलट. चेहरा लख्ख, आणि पाठीवर कागद चिकटून सोलवटलेला.

एका गणपतीत आमच्या वाडीतल्या मुलांनी शाळेच्या पडवीत असे फोटो दोरीवर लावले. स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते. अस्सल फोटो कोणी सोडायला तयार नव्हते, म्हणून मोबाइलवर टिपून त्यांच्या छापील प्रती काढल्या आणि प्रत्येकीखाली कोरी पट्टी लावली. बाजूला सुतळीला बांधलेली पेन्सिल. पहिल्या दिवशी मुंबईहून आलेले चाकरमानी आपापल्या आजोबांपुढे उभे राहून सेल्फी काढून गेले, पट्ट्या कोऱ्याच. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरची कामे आटोपल्यावर, बायका आल्या. मग पट्ट्या भरू लागल्या. लग्नाच्या एका गटफोटोत पुरुषांची नावे सगळ्यांना येत होती. डोक्यावर पदर घेतलेल्या नऊ जणींपैकी सहा जणींना एका ऐंशी ओलांडलेल्या आजीने पाटलीवरून आणि उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखले. लिहिताना मुलाने विचारले, माहेरचे नाव की सासरचे? दोन्ही लिही, त्या म्हणाल्या. पट्टी पुरेना, तेव्हा दुसरी जोडली.

एक फोटो एका गलबताच्या खलाशांचा होता. सात जण, मध्ये तांडेल, साल नाही. पाच नावे लागली. सहाव्यावर दोन घरांनी हक्क सांगितला, एक खाडीच्या या काठचे आणि एक वेलदूरचे, आणि दोघांनीही आपले नाव लिहिले, एकाखाली एक. सातवा अगदी कडेला, दोराची गुंडाळी धरून उभा, वय चौदा-पंधरा. त्याची जागा विसर्जनापर्यंत रिकामी राहिली. दोरी उतरवताना पाहिले तर पट्टीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात कोणीतरी लिहून गेले होते : हा भंडारवाड्यातला, नाव आठवले की सांगते.